भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी

जुने घर पाडायला काढले की पहिल्या दिवशी माळ्यावरचे सामान खाली येते आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात उभा राहतो. तुमच्या गावातही हे चालूच असेल. त्या मधल्या एका रात्रीपुरते थांबा, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गेल्या उन्हाळ्यात सायखेड्याला एका द्राक्ष बागायतदाराकडे गेलो होतो. सायखेडा हे निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदामाईला महापूर आला, तेव्हा सायखेडा आणि चांदोरी, दोन्ही गावांत पाणी शिरले होते. या घराच्या मातीच्या भिंतींनी तेव्हा जी ओल धरली ती सुटलीच नाही. शेवटी जुने पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरले. ओट्यापुढे माळ्यावरचा ढीग पडला होता आणि धाकटा नातू भंगारवाल्याशी घासाघीस करीत होता. लोखंड किलोवर जाणार होते, लाकूड चुलीत.

मला पाहून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शेतकीचं शिकलेले. सांगा बरं, यातलं काय कशाचं आहे?" मलाही हुरूप चढला.

पहिली वस्तू सोपी निघाली. ओंजळीएवढे, वाटीसारखे लाकडी भांडे, तळाला चार भोके. सूनबाईंनी ते पेन-पेन्सिली ठेवायला म्हणून बाजूला काढले होते. हे पाभरीचे चाडे. तळाच्या प्रत्येक भोकात पोकळ बांबूचा नळा बसतो आणि नळ्याचे दुसरे टोक फणात. बैल चालू लागले की मागून येणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडते. ते चार नळ्यांतून चार तासांत पडतात. भोके मोजली की फण किती ते कळते. तीन असली तर तिफण, चार असली तर चौफणी. पाभर शाबूत असेल तर दोन फणांमधले अंतरही मोजा. अरुंद असेल तर गव्हासारख्या दाट पेऱ्याची, रुंद असेल तर ज्वारी-बाजरीची. आता चाड्याच्या काठावरून बोट फिरवा. एका बाजूची कड झिजून गुळगुळीत लागेल. तिथे मूठ टेकत असे.

आजच्या पेरणीयंत्रात दाणे मोजून सोडायला चकती असते. तेव्हा ते काम बाईच्या मुठीचे होते. दाणे दाट पडले तर रोपांची गर्दी, विरळ पडले तर नांगे. औत हाकणाऱ्याचे नाव सगळे घेतात, मुठीचे फारसे कोणी घेत नाही, हे मला नेहमी खटकते.

दुसरे होते लोखंडी कडे. नातवाचे म्हणणे, गाडीच्या चाकाची धाव. पण धाव म्हणजे रुंद, चपटी पट्टी. ती पाट्यांवर तापवून चढवतात आणि रस्त्याला घासून तिची बाहेरची बाजू झिजते. हे कडे गोल सळईचे होते, चाकाच्या मानाने बरेच लहान, आणि एका ठिकाणी वाळून काळे पडलेले कातडे त्याला चिकटले होते. ते मोटेचे तोंड उघडे ठेवणारे कडे. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा वरच्या चाकावरून जाई आणि बारीक सोंदूर खालच्या रुळावरून सोंड ओढून धरी. मोट वर आली की सोंड थारोळ्यात सैल पडे आणि पाणी पाटाला लागे. बैल ज्या उतारावरून खाली जात त्यालाही धावच म्हणत. एकाच शब्दाची ही दोन घरे. आधी तेलाची इंजिने आली, मग विजेच्या मोटारी, आणि मोटेची धाव बुजली. तुमच्या विहिरीच्या काठाचे दगड मात्र नीट पाहा. दोराने पाडलेल्या खाचा अजून तिथे असतील.

तिसऱ्या वस्तूने माझी फजिती केली. हातभर बांबूचे नळकांडे, एक टोक पेराने बंद, दुसरे तिरके कापलेले, सगळे काळपट. मी ठासून सांगितले, "हे वंगणाचं. गाडीच्या आखाला तेल द्यायला गाडीखाली टांगत." नातवाने मान डोलावली. तेवढ्यात ओसरीवर वाती वळत बसलेल्या आजी हसू लागल्या. नव्वदीच्या आसपासच्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

"वंगण काय गुरांना पाजता का साहेब?" त्या म्हणाल्या. "आणा इकडं. हे औषध पाजायचं. बैलाचं तोंड वर धरायचं, गालाच्या बाजूनं हे आत सारायचं आणि हळूहळू ओतायचं. घाई केली तर ठसका लागतो."

मग त्यांनी तिरक्या टोकावरून अंगठा फिरवून दाखवला. कड अगदी मऊ केलेली होती, जिभेला लागू नये म्हणून. आणि तिच्या जरा खाली बांबूवर दबल्यासारख्या खुणा होत्या. त्या दातांच्या. वंगणाच्या नळकांड्याला दात कशाला लागतील? पदवी घेऊन बत्तीस वर्षे झाली, पण टोक पाहण्याआधी मी तोंड उघडले होते.

त्यानंतर ओसरीवरच बैठक जमली. ढिगातले दोन-अडीच हात लांबीचे ओंडके, वरच्या टोकाला भोक, खालचे टोक एका अंगाने घासून चेपलेले. पोरे म्हणाली, धुणे बडवायचे. आजींनी सांगितले, लोढणे. पळपुट्या गुराच्या गळ्यात अडकवायचे म्हणजे ते पायांत येते आणि गुराला धावता येत नाही. खालचे टोक जमिनीवर फरफटून झिजते. "गळ्यात लोढणे" आपण रोज बोलतो, पण लोढणे पाहिलेले त्या अंगणात आजींखेरीज कोणी नव्हते, मीसुद्धा नव्हतो.

तेव्हा ओळखण्याची रीत अशी की वस्तूचे नाव आधी शोधू नका, झीज शोधा. जिथे हात लागला तिथे तकाकी असते, जिथे दोर घासला तिथे खाच, आणि जमीन लागली ते टोक बोथट. लाकूड कोणते तेही पाहा. आपल्याकडे औताला मार खाणारी बाभूळ वापरीत. लोखंडावर ओतीव अक्षरे असतील तर कोरड्या कुंचल्याने माती काढा, कारण कारखान्याचे नाव मिळाले की काळही मिळतो. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हा तिथल्या नांगरावर त्याआधीचा शिक्का बसणार नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असे त्या काळी कितीतरी शेतकरी मानत होते. आज त्याच नांगराचे तुकडे आपण किलोवर घालतो.

घरात बिनकानाची लहान-मोठी भांडी असतील तर ती मापे असण्याचा संभव आहे. ताडून पाहणे सोपे आहे. लहान भांड्यात धान्य भरून मोठ्यात ओता. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. दुपटीचा हिशेब जुळला तर ती मापेच. १९५६ साली मेट्रिक वजन-मापांचा कायदा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने ही मापे बाजारातून उठली. घरात मात्र ती पीठ-डाळ मोजायला उरली.

एक चूक मात्र करू नका. ओळख पटेपर्यंत पॉलिश पेपरने घासणे, रंग देणे, आम्लाने गंज काढणे यातले काही नको. झीज गेली की पुरावा गेला. लाकूड कोरड्या फडक्याने पुसा, जवसाच्या तेलाचा हलका हात द्या आणि वाळवी लागू नये म्हणून विटांवर ठेवा. घरात फोन आहेच. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जी म्हातारी माणसे ओळखतील त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. कोशातला शब्द आणि गावातला शब्द वेगळा असेल तर गावातला आधी लिहा. पुढे कुणाला ताडून पाहायचे असेल तर १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात शेतीचे प्रकरण आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तूंतूनच उभे राहिले आहे. तिथे एकदा मुलांना घेऊन जा.

माळ्यावरची वस्तू घरची, पण नांगरताना किंवा विहीर खोदताना जमिनीतून निघालेली वस्तू निराळी. किमती ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तसा १८७८ चा कायदा आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ मिळाला. तो भंगारात गेला असता तर आपल्या हजारो वर्षांपूर्वीच्या बैलांचे जू कसे होते ते आपण कधी पाहिलेच नसते.

त्या दिवशी भंगारवाला पत्रे आणि मोडकी पाइपलाइन घेऊन गेला. चाडे, कडे, नळकांडे आणि एक लोढणे नातवाने नव्या घराच्या पडवीसाठी राखले. बाकीची लोढणी चुलीत गेली, तेही बरोबरच. आठ लोढणी कोण सांभाळणार?

एक वस्तू मात्र आजींनाही उमगली नाही. बाभळीचे दोन वितींचे दुबेळके, बेचक्यात दोराने पडलेली खोल खाच, बुडाशी लोखंडी कडी ठोकलेली, आणि एकाच बाजूला हाताची तकाकी. "सासऱ्यांच्या वेळचं," एवढेच त्या म्हणाल्या. तुमच्या माळ्यावर असे काही असेल आणि घरात कुणाला त्याचे नाव येत असेल, तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. आजी वाट पाहत आहेत.