कॅबिनेट करंट मारतं तेव्हा
कमी पैशांतला गेमिंग पीसी : भाग 7

ग्राफिक्स कार्डासाठी थांबलेल्यांनी आज पान उलटलं तरी माझी हरकत नाही. आरएक्स 6600 वर समाधान मानायचं की खिसा आणखी झाडून आरटीएक्स 4060 कडे जायचं, याचा निकाल आज लागायचा होता. तो आठवडाभर पुढे ढकलतो आहे. टोकावड्याहून एका वाचकाचा निरोप आला आणि तो वाचल्यावर कार्डावर लिहिणं मला आधी कळस मग पाया असं वाटायला लागलं.

मुरबाडला कॉलेजात जाणारा मुलगा. आपण ठरवलेल्या यादीतला रायझन 5 5600, बोर्ड आणि रॅम त्याने घेऊनही टाकली. कार्डाचे पैसे जमेपर्यंत मित्राचं जुनं जीटीएक्स 1650 लावलं. मशीन सुरू झालं, गेम चालला. पण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पायात चप्पल असली की कमी, शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की जास्त. टेस्टर टेकवला तर तो पेटतो. पुसताना आईचा हात लागला आणि त्या दिवसापासून घरात पीसीबंदी लागू झाली. तो विचारतो, "कार्ड जुनं आहे, त्यातून करंट उतरत असेल का? लगेच बदलू का?"

मुला, कार्ड बदलू नकोस. बोर्डही बदलू नकोस. लाखाचं मशीन आणून ठेवलंस तरी त्या जागी ते करंट मारणारच, कारण तुझ्या घराला अर्थिंग नाही. किंवा आहे ते नावापुरतं आहे.

असं का होतं ते सांगतो. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे जिथे पॉवर केबल खोचतो, तिथेच आतल्या बाजूला दोन लहान चपटे कपॅसिटर असतात, बहुतेक वेळा निळे. एक फेजवरून अर्थला जोडलेला, दुसरा न्यूट्रलवरून अर्थला. एसएमपीएस वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असतो. त्याचा गोंगाट बाहेर लाइनीत जाऊ नये, तो अर्थमध्ये जिरावा, एवढंच यांचं काम. अर्थ असेल तर सगळं बिनबोभाट चालतं. अर्थ नसेल तर या दोघांच्या मधला बिंदू अधांतरी राहतो, आणि तो बिंदू म्हणजेच तुमचं लोखंडी कॅबिनेट. 230 व्होल्टच्या बरोबर मध्ये, म्हणजे 115 च्या आसपास ते लटकतं. प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. चांगल्यातला चांगला एसएमपीएसही अर्थिंगशिवाय हेच करतो. उलट सगळ्यात स्वस्त डब्यात काही वेळा हे कपॅसिटरच गाळलेले असतात, त्यामुळे तो करंट मारत नाही आणि लोक त्याला चांगला म्हणतात!

मग झिणझिण्याच तर आहेत, चप्पल घालून खेळू, असं म्हणून चालत नाही. आतलं इन्सुलेशन कधी फाटलं तर कॅबिनेटवर थेट फेज येतो. अर्थ असता तर भरपूर प्रवाह वाहून एमसीबी पडला असता. तो नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत काही कळत नाही. दुसरा धोका पोर्टांचा. टीव्ही डिशच्या वायरीतून जमिनीशी जोडलेला आणि पीसी अधांतरी, अशा वेळी चालू मशीनला एचडीएमआय खोचली की तो फरक पोर्टातून वाहतो. ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट असं गेलं की दुकानदार वॉरंटीचा कागद बघायलाही तयार होत नाही. तेव्हा अर्थिंग होईपर्यंत एक पाळा: दोन्ही बाजूंचे प्लग काढूनच एचडीएमआय लावा.

आपल्या भागात तीन पिनांतली जाड पिन पक्कडीने मोडणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. भिंतीवरच्या बोर्डात दोनच भोकं, मग काय करणार! त्याहून वाईट म्हणजे बोर्डाच्या आत अर्थची पिन आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकणं. त्याने झिणझिण्या जातात, वायरमन शंभर रुपये घेऊन जातो आणि सगळे खूश. पण खांबावर न्यूट्रल सुटला, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो सुटतोच, की घरातल्या पंख्या-दिव्यांतून उलटा येणारा फेज थेट कॅबिनेटवर उतरतो. कॅबिनेट, फ्रिज, मिक्सर, जे जे तीन पिनांवर आहे त्या सगळ्यावर. हे ज्याने केलं असेल त्याच्याकडून ते आजच्या आज काढून घ्या.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला जीआय पाइप किंवा तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड वायर. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या पट्ट्यात अडचण जमिनीची आहे. हातभर मातीखाली काळा कातळ लागतो. पावसाळ्यात जमीन चिंब असते तेव्हा कसलंही अर्थिंग चालतं, आणि मार्च उजाडला की तेच निकामी होतं, कारण कोरडी जमीन वीज घेत नाही. पुस्तकात लिहिलंय, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. भातसा, तानसा यांसारखी धरणं मुंबईची तहान भागवतात त्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. तिथे अर्थिंगला पाणी ओता म्हणणाऱ्याला बाई हंडा फेकून मारेल. यावर तोडगा साधा आहे: खड्डा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर घ्या. भांडी घासल्याचं पाणी रोज आपोआप पडत राहतं.

झालंय की नाही हे मल्टीमीटरने बघता येतं, पण सवय नसेल तर वायरमनकडूनच बघून घ्या. फेज ते न्यूट्रल जेवढं, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलतंच कमी किंवा वरखाली होणारं दिसलं तर अर्थ अधांतरी आहे. आणि हात घातलाच आहे तर मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो पीसी वाचवत नाही, माणूस वाचवतो.

अर्थिंगनंतरचा प्रश्न व्होल्टेजचा, आणि तिथे घाटघरच्या वीजप्रकल्पाचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडे लाइट मंद झाले की पारावर कोणीतरी म्हणतंच, "चोंढ्याला एवढी वीज बनते, ती जाते कुठं?" प्रकल्प 250 मेगावॅटचा आहे, 125 चे दोन संच. वरचं धरण घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात, खालचं आपल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला. मागणी जास्त असते तेव्हा पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने वर चढवायचं. चढवायला जेवढी वीज लागते त्याहून कमी परत मिळते. म्हणजे तो कारखाना कमी आणि साठवणीची कणगी जास्त. शिवाय ती वीज अतिउच्च दाबाच्या तारांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. तुमच्या घरचा व्होल्टेज ठरवते ती डीपीपासून खांबांवरून पाड्यापर्यंत ओढलेली लांबच लांब लाइन. तिच्या शेवटच्या टोकाला तुम्ही बसलात आणि संध्याकाळी सगळीकडे मोटारी, पंखे, टीव्ही लागले की 230 चे 170 होणारच, प्रकल्प शेजारी असो नाहीतर कोराडीला.

आणि या 170 साठीच एसएमपीएस निवडताना डब्याच्या बाजूचं लेबल वाचायचं. गेल्या महिन्यात एकाने लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट आणलं, सोबत एसएमपीएस फुकट. वर ठसठशीत 500. मी लेबल बघितलं. 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. गुणाकार करा: 216 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच 12 व्होल्टवर जगतात, त्यामुळे तो डबा आपल्यासाठी 216 चाच. उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत भरती करून 500 जुळवले होते. त्याच लेबलावर इनपुट लिहिलेलं होतं 200 ते 240 व्होल्ट. म्हणजे आमच्या संध्याकाळी तो सुरूच होणार नाही, झाला तर ऐन गेममध्ये बंद पडेल. लेबलावर 100 ते 240 आणि ॲक्टिव्ह पीएफसी (दाब कमी-जास्त झाला तरी एसएमपीएसला सांभाळून घेणारं सर्किट) हे दोन्ही दिसल्याशिवाय आपल्या भागात एसएमपीएस घ्यायचा नाही.

ॲक्टिव्ह पीएफसीचा आणखी एक उपयोग फारसं कोणी सांगत नाही. लाइट क्षणभर लपकतो तेव्हा एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर साठवलेल्या ऊर्जेवर मशीन जिवंत ठेवतो. साधारण 16 मिलिसेकंद तरी टिकावं अशी एटीएक्सची अपेक्षा. पीएफसी नसलेल्या डब्यात हा कपॅसिटर 230 ला 325 व्होल्टपर्यंत भरतो, 170 ला जेमतेम 240. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ती जवळपास निम्म्यावर आली. ॲक्टिव्ह पीएफसी बाहेर काहीही असलं तरी तो 380 च्या आसपास भरलेला ठेवतो. पंख्याला कळतही नाही आणि पीसी मात्र रीस्टार्ट होतो, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

किती वॅटचा घ्यायचा? आपला 5600 जोरात पळाला तर 76 वॅटपर्यंत घेतो. आरएक्स 6600 चे 132. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा. झाले 260. साडेचारशेचा खरा डबा पुरतो, पुढे मोठं कार्ड येईल म्हणून 550 चा घ्यावा. यूट्यूबवर 750 चा आग्रह धरणाऱ्यांना तुमच्या 3 हजारांची किंमत नाही. कार्यक्षमतेच्या दर्जात ब्राँझ पुरे. रोज तीन तास खेळलात तर ब्राँझऐवजी गोल्ड घेऊन महिन्याला दीड युनिटच्या आसपास वाचेल. त्या पैशांत चहाचे दोन कपही येत नाहीत. गोल्डचे डबे बऱ्याचदा आतून जास्त चांगले बांधलेले असतात हे खरं, पण आपल्या बजेटात ती चैन बसत नाही. नावाजलेल्या कंपनीचा 550 वॅटचा ब्राँझ साडेतीन ते साडेचार हजारांत मिळतो. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि बऱ्या मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, पाच वर्षांची वॉरंटी बघा.

यूपीएसचं थोडक्यात. 600 व्हीएच्या डब्यावर बारीक अक्षरात 360 वॅट लिहिलेलं असतं, तेच खरं. गेम चालू असताना त्यावर मॉनिटरसकट मशीन काठावर येतं. 1000 व्हीएचा परवडला तर घ्या, नाहीतर आधी अर्थिंग आणि एसएमपीएस करा, यूपीएस पुढच्या वर्षी. घरच्या जुन्या चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसीचं मशीन चालवू नका, कुरकुरतं आणि मध्येच बंद पडतं.

वीज कडाडायला लागली की यांपैकी काहीच कामाचं नाही. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आजोबाच्या डोंगराकडून ढग येताना दिसले की प्लग भिंतीतून उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरमधून येणारी लॅनची तांब्याची वायरही काढायची. घरापर्यंत आलेली फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते.

आता आपल्या यादीचं गणित. अर्थिंगला स्वतः खणलंत तर सामान आणि वायरमन मिळून हजार-दोन हजार, आरसीसीबीचे वेगळे. हे पैसे यादीत कुठेच धरले नव्हते, आणि पन्नास हजारांची मर्यादा मी वाढवणार नाही. म्हणून ते ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यातून कापले आहेत. यातच आरटीएक्स 4060 चा अर्धा निकाल लागला हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल. उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात, या वेळी नक्की. टोकावड्याच्या मुलाने तोवर आईची बंदी पाळावी, प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि मोरीमागे खणायला घ्यावं.