नियंत्रकाची एककचाचणी : व्याप्ती व मर्यादा

वेब-अनुप्रयोगात वापरकर्त्याची मागणी स्वीकारून तिला कोणते उत्तर द्यावयाचे, हे ठरविणाऱ्या घटकास नियंत्रक किंवा कंट्रोलर म्हणतात. प्रतिमान, दृश्य व नियंत्रक ही त्रयी ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात मांडली.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोर या चौकटीत नियंत्रकाची एककचाचणी घेताना त्यास इतर घटकांपासून अलग करतात. डेटाबेसशी बोलणाऱ्या घटकाच्या जागी ठरावीक उत्तर देणारा बनावट घटक ठेवला जातो. नंतर नियंत्रकातील मेथड थेट चालवून तिचे फलित पाहतात. उदाहरणार्थ, मागितलेली गुणपत्रिका उपलब्ध नसल्यास '४०४' हेच उत्तर मिळते काय, हे अशा चाचणीने क्षणार्धात कळते.

परंतु या अलगपणातच तिची मर्यादा आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मेथड चालण्यापूर्वी मार्गनिश्चिती, अधिकारतपासणी आणि आलेल्या माहितीची पारख हे टप्पे पार पडतात. मेथड थेट चालविली असता यांपैकी एकही टप्पा घडत नाही. त्यामुळे मेथडवरील 'ऑथोराइझ' ही खूण चुकून गळली आणि कोणाचीही गुणपत्रिका कोणासही दिसू लागली, तरी अशा सर्व चाचण्या उत्तीर्णच राहतात.

यास्तव नियंत्रकाच्या निर्णयांची परीक्षा एककचाचणीने करावी आणि प्रवेशाच्या निर्बंधांची परीक्षा संपूर्ण मागणी पाठविणाऱ्या एकात्म चाचणीने करावी, हे इष्ट होय. पहिलीचे यश हा दुसरीचा पुरावा मानता येत नाही.