एरियल किती लांब ओढावी?

रेडिओ खरखरू लागला की आपण काय करतो? एकात एक सरकणारी ती चकचकीत एरियल हाताला येईल तितकी बाहेर ओढतो. एरियल जितकी लांब तितका आवाज स्वच्छ, असा आपला ठाम समज असतो. मागे एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, एफ.एम.साठी एरियल किती काढायची?” मीही विचार न करता सांगून टाकले, “पूर्ण काढ की!” दुसऱ्या दिवशी ती आकडे घेऊनच आली. तिच्या घरची एरियल पूर्ण काढल्यावर सव्वा मीटर भरत होती. पण दूरचे केंद्र सर्वांत चांगले लागत होते ते पाऊण मीटरच्या आसपास! भौतिकी शिकवणाऱ्याला हे आधीच सुचायला हवे होते.

कसे ते पाहा. पुण्याचे आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र १०१ मेगाहर्ट्झवर लागते. म्हणजे त्याच्या तरंगाची सेकंदाला १० कोटी १० लाख कंपने होतात. तरंगाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते : सुमारे २·९७ मीटर. तिचा चौथा हिस्सा ७४ सें.मी. तिची मोजणी बरोबर होती.

पण चौथाच हिस्सा का? तरंग एरियलमधील इलेक्ट्रॉनांना खाली-वर ढकलतो. इलेक्ट्रॉन स्वतः अगदी थोडे हलतात. धावतो तो धक्का. तो बुडापासून टोकापर्यंत जातो, पुढे वाटच नसल्याने उलटून परत येतो. जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी होते, म्हणजेच अर्धा आवर्तकाल उलटतो. तेवढ्यात तरंगाच्या ढकलण्याची दिशाही उलटलेली असते. परतणाऱ्या धक्क्याला नेमका त्याच दिशेने नवा धक्का मिळतो. झोपाळा मागे येऊन वळताच आपण त्याला ढकलतो, तसेच हे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. एरियल दीड मीटर केली, तर धक्का परत येईपर्यंत पूर्ण आवर्तकाल जातो आणि बुडाशी दोघांची गाठ विरुद्ध दिशांनी पडते.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत पाण्याची नळी आणि नादकाटा घेऊन तुम्ही हाच प्रयोग कराल. पाण्याची पातळी खाली नेताना हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या पावपट होत आली की नळी एकदम घुमते. पाण्यालगत हवा हलू शकत नाही. एरियलच्या टोकाशी प्रवाह शून्य असतो. नळीच्या तोंडाशी हालचाल सर्वांत जास्त. एरियलच्या बुडाशी प्रवाह सर्वांत जास्त. साम्य एवढ्यावर थांबत नाही. हवेचा स्तंभ हिशेबापेक्षा किंचित आखूड असतानाच नळी घुमते, म्हणून आपण टोकाची दुरुस्ती करतो. एरियलही हिशेबापेक्षा सुमारे ५ टक्के आखूड ठेवावी लागते. ७४ ऐवजी ७० सें.मी. म्हणा. (केंद्र जवळच असेल तर मात्र हा फरक कानाला कळणारही नाही.)

मोबाईलचे ९०० मेगाहर्ट्झचे तरंग घ्या. पाव तरंगलांबी येते जेमतेम ८ सें.मी.; मग आकाशक फोनच्या पोटात मावतो यात नवल कसले?

आता उलट टोकाला जाऊ. पुण्याचे मध्यम लहरींचे केंद्र ७९२ किलोहर्ट्झचे. तरंगलांबी ३७९ मीटर, तिचा पाव हिस्सा ९५ मीटर! अशा प्रक्षेपण केंद्रांवर उंच लोखंडी मनोरा दिसतो, तो आकाशक टांगण्यासाठी उभारलेला खांब नव्हे. बहुधा तो अख्खा मनोराच आकाशक असतो आणि चिनी मातीच्या विद्युत्‌रोधकावर उभा असतो.

मग हातातला रेडिओ ही लहर पकडतो कशी? ९५ मीटरपुढे हातभर एरियल काय करणार! त्यासाठी आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तारेचे वेटोळे. ते तरंगाचा चुंबकीय भाग टिपते. मध्यम लहरींवर खरखर झाली तर एरियल ओढू नका. रेडिओच हळूहळू गोल फिरवून पाहा.