खाचेतील शर्यतीचे अक्षय आकर्षण

१९५७ साली इंग्लंडातील हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या ‘स्कॅलेक्स’ खेळण्यातल्या मोटारींना विजेची जोड देऊन जो ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ हा खाचेतून धावणाऱ्या मोटारींच्या शर्यतीचा खेळ सादर केला, त्याची मोहिनी आजही तसूभर ओसरलेली नाही. मार्गातील खाचेत उतरणारे गाडीखालचे पाते दिशेचा बंदोबस्त करते, त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांच्या वेणीदार पट्ट्या रुळांतून वीज उचलतात आणि खेळाडूच्या हाती उरतो तो केवळ वेगाचा अखत्यार. परंतु वळणावर हातातील वेगनियंत्रकाचा खटका क्षणभर अधिक दाबला गेला की गाडीचा मागचा भाग बाहेर घसरतो व ती खाचेबाहेर फेकली जाते. म्हणूनच सरळ मार्गावरील धाडसापेक्षा वळणापूर्वीचा संयम येथे निर्णायक ठरतो. रसिकहो, संधी मिळताच हा खटका एकदा अवश्य हाती घ्यावा!