कुलकर्ण्याच्या डोक्यातलं गाव

मुळशी तालुक्यातल्या भरे गावाला बदलीवर आलेला तलाठी लातूरचा असू शकतो, चंद्रपूरचाही असू शकतो. (2024 मध्ये या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, गावाच्या तोंडी मात्र अजून तलाठीच.) भाताचं खाचर कुठं संपतं आणि डोंगरउताराचं वरकस कुठं सुरू होतं, हे त्याच्या नजरेला ठाऊक नसतं. आधीचा माणूस दप्तराच्या यादीवर सही करतो, चार्ज देतो आणि निघून जातो. तरी थोड्याच दिवसांत हा परका माणूस सांगू लागतो की अमुक गट कुणाचा, तो वारसाने आला की खरेदीने, त्यावर सोसायटीचा बोजा आहे का आणि विहिरीत हिस्से किती. जाणता माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याचं ज्ञानही जातं, म्हणून मोठमोठ्या संस्था आज हवालदिल असतात. गावच्या चावडीने त्यावरचा तोडगा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काढलेला आहे, आणि तो इतका अंगवळणी पडलाय की त्याचं नवल कुणाला वाटत नाही.

पूर्वी हे ज्ञान म्हणजे कुलकर्णी. पद वतनी, बापाकडून मुलाकडे जाणारं. दप्तर रुमालात बांधून त्याच्याच घरी, लिहिलेलं मोडीत. कागदात नसेल ते डोक्यात. गावाची स्मृती एका घराच्या ताब्यात असण्याचा अर्थ काय होतो, हे गावाला चांगलं कळत होतं आणि सरकारलाही.

स्मृती माणसापासून सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला, आणि तो फसला. 1820 च्या दशकाअखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून सारा बसवायचा घाट घातला. सिद्धांत देखणा होता, पण हाताखालच्या लोकांनी भरलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईना. मग 1835-36 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली, आणि त्यांची युक्ती बघून मी थक्क होतो.

जुना शेतकरी मूठभर माती उचलून जमिनीचा कस सांगतो. कसा ओळखला, हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही. विंगेटच्या पद्धतीने ही नजरच सुटी करून मांडली. शेताचे कागदावर भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली ‘हात’ या मापाने मोजायची. पोत तीन प्रकारचे: बारीक एकसारखी काळी-तपकिरी माती, तिच्याहून भरड, बहुधा तांबडी, आणि तिसरी खडेमिश्रित, भुसभुशीत. पहिल्या प्रकारची माती पावणेदोन हात खोल असली तर पूर्ण सोळा आणे. खोली कमी होत जाईल तशी प्रत उतरते. त्यावर सात दोष: चुनखडी, वाळू, उतार, माती धरून न राहणं, पाणी न मुरणं, पाण्याने धुपणं, पाणी साचून राहणं. एकेका दोषाला एकेक खूण, आणि एका खुणेमागे जमीन एक प्रत खाली. भाताच्या खाचरांना पाण्याचा हिशेब वेगळा. म्हणजे म्हाताऱ्याचा ‘वाटतं’ हा शब्द खोली, पोत आणि दोष यांत फोडला गेला, आणि जमिनीची प्रत ठरवणारे दोन प्रतवार एकाच शेतावर वेगळे पडले तर नेमके कुठं वेगळे पडले, हे दाखवता येऊ लागलं. जपानात 1980 च्या दशकात पाव भाजण्याचं घरगुती यंत्र बनवताना एका कंपनीने आपल्या माणसाला हॉटेलातल्या आचाऱ्याच्या हाताखाली ठेवलं. कणीक मळताना तो तिला जो पीळ देतो, तो पकडण्यासाठी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती गोष्ट गाजली. इंदापूरचे प्रतवार हेच काम दीडशे वर्षं आधी मातीबाबत करत होते.

पण जमिनीचा कस एकदा लिहिला की बराच काळ पुरतो. माणसांचे हक्क सतत हलतात. त्यासाठी 1903 आणि 1913 च्या कायद्यांनी हक्कनोंदणी आली, आणि अँडरसन या अधिकाऱ्याच्या नावाने महसूल खात्यात आजही ओळखले जाणारे गाव नमुने पक्के झाले. एक ते एकवीस. सात आणि बारा मिळून सातबारा, हे सगळ्यांना माहीत आहे. खरी कमाल मला नमुना सहाची वाटते.

सहा म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर नाव बदलतं ते थेट नाही. आधी फेरफाराच्या वहीत नोंद होते: मयत कोण, वारस कोण, दस्त कुठला. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी मुदत मिळते. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत, नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि मगच नाव चढतं. त्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो आकडा धरून मागे जायचं, तिथून त्याच्या मागच्या फेरफाराकडे, आणि असं करत पणजोबांपर्यंत. सातबारा सांगतो काय आहे. फेरफार सांगतो का आहे. बहुतेक कार्यालयं निर्णय जपतात आणि कारण हरवून बसतात. इथं कारणाशिवाय निर्णय लिहिताच येत नाही. कर्मचाऱ्यांच्या ज्ञानाच्या जतनावर मी जे वाचलंय, त्यात याहून नेमकं सूत्र मला सापडलेलं नाही.

एक वही दुसरीची साक्ष काढते, हा आणखी एक बंदोबस्त. आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावावरच्या जमिनी एकत्र, नमुना एकमध्ये आकारबंदाचं क्षेत्र. बेरीज जुळली नाही की चूक उघडी पडते. बाकीच्या गोष्टींनाही आपापली वही: नमुना चौदात पाण्याची साधनं, सोळात वरिष्ठांचे आदेश आणि नियमपुस्तकं, आणि विसाव्यात टपाल तिकिटं. कुलकर्णी वतनं 1 मे 1951 पासून रद्द झाली तेव्हा गावाची स्मृती एका घराबाहेर काढायची चौकट तयार होती.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. चावडीत बसून पीकपाहणी लिहिली की नमुना बारा सुंदर अक्षरात खोटं बोलतो. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवरून पिकाचा फोटो टाकायचा, अशी ई-पीक पाहणी सुरू झाली, ती या दुखण्यावर. आणि कागद टिकला तरी वाचणारा टिकायला हवा. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं उघडली गेली, आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. ज्ञान शाबूत होतं, किल्ली हरवली होती.

एक गोष्ट तर फुकट वाया चालली आहे. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक ओळ आहे. गट क्रमांक यायच्या आधीपासून गाव ज्या नावाने ते शेत ओळखतं, ते तिथं लिहायचं असतं. कितीतरी उताऱ्यांवर ती ओळ कोरी असते. ज्यांना ही नावं तोंडपाठ आहेत ती माणसं आता सत्तरीपार आहेत. तुमचा उतारा काढा, ती ओळ बघा; कोरी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना नाव विचारून तलाठ्याकडे अर्ज द्या.