‘माय ब्रदर, ही...’ : नामामागून येणारं सर्वनाम

मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्याबद्दल बोललो. नाव उच्चारलं की ते वस्तूपर्यंत कसं पोचतं, हा तो प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाची एक लहानशी बाजू पाहू, अगदी रोजच्या बोलण्यातली. उदाहरणं इंग्रजीची आहेत. व्याकरणाचा तास घेणार नाही, निदान पूर्ण तास तरी नाही.

वाक्य असं आहे : ‘माय ब्रदर, ही वर्क्स इन अ बँक.’ हे लिहून काढणाऱ्यांची जरा पंचाईत होणार आहे, कारण इंग्रजीतला पुल्लिंगी ‘ही’ देवनागरीत लिहिला की भाऊ एकदम बहीण होतो! तेव्हा वाचणाऱ्यांनी आजच्यापुरतं सांभाळून घ्यावं.

हे वाक्य आजच का, तेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत आम्ही परीक्षक होतो. समोर खेड्यातून आलेला मुलगा. घरातला पहिलाच कॉलेजात शिकणारा. त्याला म्हटलं, घरच्यांबद्दल सांग. तो म्हणाला, ‘माय फादर, ही इज अ फार्मर. माय मदर, शी...’ तेवढ्यात आमच्यापैकी एकानं त्याला थांबवलं. ‘अरे, फादर म्हटलंस ना एकदा? मग परत ही कशाला?’ खोलीत थोडं हसू झालं. त्यानंतर तो मुलगा ‘येस सर’ आणि ‘नो सर’ यापलीकडे काही बोलला नाही. आम्ही हसलो नव्हतो, हे खरं. पण आम्ही काही बोललोही नाही. आणि असली सर्वनामं तांबड्या शाईनं खोडण्यात आमचीही बरीच वर्षं गेली होती. त्या मुलाला द्यायचं उत्तर आज, उशिरा का होईना, देऊन पाहू.

आरोप काय होता? द्विरुक्तीचा. नाम आलं, मग सर्वनाम कशाला? एका माणसाला दोन खुर्च्या कशाला? आरोप सरळ वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : नाम आणि सर्वनाम दोघंही एकच काम करताहेत. ते तसं आहे का, एवढंच तपासायचं.

पहिला पुरावा. इंग्रज माणूस बोलताना सहज म्हणतो, ‘मी, आय डोन्ट लाइक टी.’ पुन्हा पंचाईत! हा ‘मी’ आपला नव्हे, इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे कर्म म्हणून येणारं रूप. आता बघा, एकाच माणसासाठी सुरुवातीला ‘मी’ आहे आणि आत ‘आय’ आहे. सुरुवातीचा शब्द जर वाक्याचा कर्ता असता, तर तिथंही ‘आय’ आला असता. तो येत नाही. याचा अर्थ, तो शब्द वाक्याच्या उंबऱ्याबाहेर उभा आहे. घरात बसलाय तो ‘आय’. खुर्ची एकच आहे, आणि तिच्यावर सर्वनाम बसलेलं आहे.

दुसरा पुरावा. ‘माय अंकल, हिज शॉप गॉट फ्लडेड.’ माझे काका, त्यांच्या दुकानात पाणी शिरलं. किंवा, ‘दॅट न्यू टीचर, द चिल्ड्रन लव्ह हर.’ ती नवी बाई, मुलांना ती फार आवडते. आता पहिल्या वाक्यातला ‘हिज’ काढून दाखवा. ‘माय अंकल, शॉप गॉट फ्लडेड.’ वाक्य लंगडं झालं. उलट ‘माय अंकल’ काढा, ‘हिज शॉप गॉट फ्लडेड’ हे वाक्य धडधाकट उभं राहतं. म्हणजे सर्वनाम जादा नाहीच. वाक्य सर्वनामाचंच आहे. नाम त्याच्या आधी येऊन एक वेगळं काम करून गेलंय. बोलणाऱ्याचा आवाज ऐकलात तरी हे कळतं. पुष्कळदा नामानंतर तो किंचित टेकतो, आणि मग वाक्य सुरू होतं.

हे वेगळं काम कोणतं? तिसरा पुरावा तिकडे बोट दाखवतो, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो सगळ्यात गोड वाटतो. ‘नोबडी केम’ हे चांगलं इंग्रजी आहे. कोणी आलं नाही. पण ‘नोबडी, ही केम’ असं कोणीही म्हणत नाही. का बरं? कर्ता तर तो आहेच. लुईस कॅरॉलच्या 1871 सालच्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’मध्ये याच शब्दावरून गंमत केलेली आहे. अ‍ॅलिस म्हणते, रस्त्यावर मला कोणी दिसत नाही. आणि राजाला वाटतं, ‘कोणी नाही’ नावाचा एक इसम हिला दिसतोय. आपण हसतो, कारण ‘नोबडी’ हा कर्त्याच्या जागी बसला तरी तो कुणाचं नाव नसतो. त्याला पुढे आणून उभं करता येत नाही. आणि ज्याला पुढे आणून उभं करता येत नाही, त्याच्यामागून ‘ही’ म्हणता येत नाही.

तसंच, ‘अ मॅन, ही केम टू द डोअर’ हेही कानाला खटकतं. कोण माणूस, काही पत्ता नाही. पण ‘धिस मॅन आय मेट ऑन द ट्रेन, ही वॉज अ डॉक्टर’ हे अगदी सुरळीत वाटतं. गाडीत भेटलेला म्हटल्यावर तो ठरावीक माणूस झाला, बोलणाऱ्यानं त्याला हाताला धरून आणला. म्हणजे नामामागून सर्वनाम येतं तेव्हा बोलणारा दोन टप्पे करतो. आधी म्हणतो : ‘हा बघा, मी याच्याबद्दल बोलतोय.’ ऐकणाऱ्याला तो दिसला की मग म्हणतो : ‘आता याच्याबद्दल काय ते ऐका.’

हे दोन टप्पे तत्त्वज्ञानाला जुनेच आहेत. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1959 सालच्या ‘इंडिव्हिज्युअल्स’ या ग्रंथात विधानाची हीच दोन अंगं धरली : एखादी विशिष्ट वस्तू ऐकणाऱ्यासमोर आणणं, आणि तिच्याविषयी काही सांगणं. आपल्याकडे मीमांसकांनी उद्देश्य आणि विधेय असा भेद केला. जे आधी ठाऊक आहे ते उद्देश्य, जे नव्यानं सांगायचं ते विधेय. शाळेत आपण हे शब्द पाठ केले आणि विसरलो. लिहिलेल्या वाक्यात ही दोन अंगं एकजीव होतात, म्हणून दिसत नाहीत. बोललेल्या वाक्यात त्यांच्यामधली शिवण दिसते, इतकंच.

बोलण्यातच का दिसते? कारण बोलणाऱ्याजवळ वेळ नसतो. लिहिणारा माणूस वाक्य खोडू शकतो. बोलणारा पुढचं वाक्य जुळवत असतानाच मागचं उच्चारत असतो. ‘द मॅन हू केम यस्टर्डे टू रिपेअर द फ्रिज...’ एवढं लांबलचक नाम उचलून आणल्यावर थोडा दम घ्यावा लागतो. ऐकणाऱ्यालाही ते आधी नीट ठेवून घ्यावं लागतं. मग लहानसा ‘ही’ येतो आणि गाडी रुळावर घेतो. दोघांचीही सोय होते.

अभ्यासकांना हे माहीत नव्हतं असं नाही. जॉन रॉस यांनी 1967 सालच्या आपल्या प्रबंधात या रचनेला ‘लेफ्ट डिसलोकेशन’ म्हटलं, म्हणजे डावीकडे सरकवलेलं नाम. नाव असं की जणू हाडच निखळलंय! पुढे प्रत्यक्ष संभाषणं ध्वनिमुद्रित करून, त्यांच्या आधारे व्याकरणं लिहिली गेली. 1999 सालच्या लाँगमनच्या मोठ्या व्याकरणात तिला ‘प्रेफस’, म्हणजे प्रस्तावना, असं सौम्य नाव मिळालं. कार्टर आणि मॅकार्थी यांच्या 2006 सालच्या केंब्रिज व्याकरणात ती ‘हेडर’ झाली. चूक म्हणून नाही, बोलीचा एक भाग म्हणून तिची नोंद झाली. आणि ती काही आजची नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, जुन्या लोकगीतांत ती जागोजाग आहे. तिकडे फ्रेंच लोक तर बोलताना भाऊ म्हटला की पुष्कळदा पाठोपाठ ‘तो’ म्हणतात.

आता मराठीकडे येऊ, कारण तो मुलगा मराठीतून आला होता. आपण काय म्हणतो? ‘तो माझा भाऊ आहे ना, तो बँकेत असतो.’ किंवा, ‘जो मुलगा काल आला होता, तो...’ आधी माणूस पुढे आणायचा, मग बोलायचं, ही आपली रोजचीच चाल. पण एक फरक आहे. मराठीत ‘भाऊ ना, बँकेत असतो’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत साध्या विधानात कर्त्याची खुर्ची सहसा रिकामी ठेवता येत नाही. पाऊस पडतो तेव्हासुद्धा ‘इट इज रेनिंग’ म्हणून कोणीतरी एक ‘इट’ आणून बसवावा लागतो. म्हणून भाऊ बाहेर उभा राहिला, की आत ‘ही’ बसवावाच लागतो. त्या मुलानं नेमकं तेच केलं होतं. कदाचित तो मराठीच्या सवयीनं बोलला असेल. असू दे. तो ज्या वाटेनं गेला ती वाट इंग्रजीतही होती, आणि चांगली मळलेली होती.

एक प्रश्न आलाय : ‘सर, मग मुलांनी परीक्षेत निबंधात असं लिहावं का?’

नाही. निबंधात लिहू नये. छापील गद्याची रीत वेगळी आहे आणि ती शिकवलीच पाहिजे. लिहिताना वाक्य बांधायला वेळ असतो, वाचणाऱ्याला मागे जाऊन पाहता येतं, तिथं शिवण दाखवायचं कारण नाही. पण ‘इथं असं लिहीत नाहीत’ हे एक वाक्य आहे, आणि ‘तुला इंग्रजी येत नाही’ हे दुसरं. आम्ही शिक्षकांनी पहिल्याच्या जागी दुसरं फार वेळा म्हटलं. आणि ती तर तोंडी परीक्षा होती. तोंडी परीक्षेत तो मुलगा बोलीतलं इंग्रजी बोलला, यात त्याचं काय चुकलं?

‘माय फादर’ म्हणून तो किंचित थांबला होता, हे आम्हाला अजून आठवतं. त्यानं वडिलांना आमच्यासमोर आणून उभं केलं होतं. ‘ही’ म्हणून तो त्यांच्याबद्दल सांगायला लागला होता. आम्ही त्याचं सर्वनाम मोजत बसलो, आणि ते शेतकरी गृहस्थ तसेच उभे राहिले.

पुढच्या वेळी याच्या उलट बाजू पाहू : ‘शी इज अ ग्रेट कुक, माय मदर.’ इथं सर्वनाम आधी आणि नाम मागून. तोपर्यंत घरात, बसमध्ये, फोनवर लोक कसे बोलतात ते जरा कान देऊन ऐका. सुधारू नका, नुसतं ऐका.