जुनं इंजिन अडखळतं तेव्हा

जुन्या खेळण्यांच्या दुरुस्तीत आज आगगाडी घेऊ.

आमच्या थोरल्या काकांनी अमेरिकेहून आणलेलं लायोनेलचं इंजिन माझ्याकडे आलं, तेव्हा ते दोन हात पळायचं, मधेच थांबायचं आणि पुन्हा वीज दिली की उलटं धावायचं. दिशा बदलणारा स्विच गेला, असं मी ठरवून टाकलं. तो उघडला आणि त्याच्या कॉइलची केसाएवढी तार माझ्याच हातून तुटली. दुसरी मिळेपर्यंत आठ महिने गेले. त्या मधल्या काळात काका गेले. आणि दोष त्या स्विचमध्ये नव्हताच. तो होता खालच्या पिकअपमध्ये, म्हणजे रुळावरून वीज उचलणाऱ्या भागात.

हे कसं चालतं ते आधी पाहू. लायोनेल ही मूळची न्यूयॉर्कची कंपनी, जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० मध्ये काढलेली. तिच्या गाड्यांना १९०६ पासून तीन रूळ आहेत. आपल्या लोकलला वरच्या तारेतून वीज मिळते, हिला मधल्या रुळातून. इंजिनाच्या पोटाखाली बहुतेक वेळा दोन छोटे रोलर असतात. स्प्रिंग त्यांना मधल्या रुळावर दाबून धरते. वीज रोलरमधून पिनेत, पिनेतून पट्टीत, तिथून वायरने मोटरला जाते आणि चाकांतून बाहेरच्या रुळांत परतते.

आता गंमत बघा. वीज क्षणभर तुटली की हा स्विच एक घर पुढे सरकतो: पुढे, थांब, मागे, थांब. मालक हातानं वीज तोडतो तेव्हा हे सोयीचं. पण कळकट रोलरनं तोडली, तरी स्विच तेच करतो. म्हणून पहिली तपासणी अशी: स्विच बंद करण्याची छोटी दांडी असते. इंजिन पुढच्या दिशेला असताना ती फिरवा आणि गाडी चालवा. आता ते उलटं फिरत नाही, पण अडखळतं आणि पुढचा दिवा लुकलुकतो? मग आधी रूळ पुसा. तरीही तेच, तर पिकअपकडे वळा.

इंजिन टॉवेलवर उलटं ठेवा. रोलर बोटानं फिरवा; अडकत असेल तर पिनेभोवती जुनं तेल काळं होऊन घट्ट बसलंय. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते काढा, वाळू द्या, पिनेवर पातळ तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. तारेची घासणी अजिबात वापरू नका. १९५० पासून लायोनेलनं काही इंजिनांच्या चाकांत चुंबकशक्ती आणली. लोखंडी कीस तिथे चिकटतो आणि गिअरमध्ये शिरतो.

मग मल्टिमीटर. एक टोक रोलरला, दुसरं वायरच्या सोल्डरला लावून रोलर फिरवा. आकडा शून्याजवळ स्थिर राहिला पाहिजे. उड्या मारत असेल तर भोक झिजलंय, किंवा रुळानं रोलरच्या मधोमध खाच पाडलीय. अशा वेळी रोलर आणि पिन दोन्ही बदला. पट्टी दाबून सोडली की चटकन वर आली पाहिजे. नाही आली तर स्प्रिंग मेली.

शेवटी वायर. जुनं रबर कडक होऊन तडकतं, उघडी तार सांगाड्याला टेकते आणि शॉर्ट होतो. तिथे बारीक पदरांची लवचिक वायर सोल्डर करा. पट्टी आणि सांगाडा यांच्यातलं इन्सुलेशन तपासताना वायर आधी सोडवा. नाहीतर मोटरच्या वेटोळ्यांतून मीटरला रस्ता मिळतो आणि तुम्ही चांगला भाग फेकून द्याल.

एक इशारा, आणि हा विसरू नका. अमेरिकेतून आलेला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट लावला तर जळेल. मधे स्टेप-डाऊन लावा. तरीही आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो, म्हणून अधूनमधून बंद करा आणि चालू ठेवून उठू नका.

माझ्या इंजिनाला शेवटी लागलं काय? एक रोलर, एक पिन आणि वीतभर वायर. दर दिवाळीत काकू ते चालवायला लावतात. तुमच्याकडे असं इंजिन असेल तर आधी उलटं करून पोट बघा, स्क्रू ड्रायव्हर नंतर. आणि ज्यांचं आहे, त्यांच्यासमोर चालवा.

भेटू पुढच्या भागात.